सोडाल्याच्या घरी शिकलेला डेटाबेस

जयपूरला आमची बदली झाली तेव्हा मी चौतिशीत होते. बदली खरं तर नवऱ्याची, विमा कंपनीतली. पण बदलीच्या नोकरीत सगळं घरच 'आमची बदली' म्हणतं. शहरातल्या सोडाला भागात एका घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. लेक तिथल्या शाळेत रमली आणि वर्षभरात तिचं मराठी निम्मं हिंदी होऊन गेलं. मला मात्र घरात करमेना. बी.एस्सी. झालेली, कम्प्युटरवर तक्ते भरता येत होते; एवढ्या भांडवलावर मी सीकर रोडच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात अर्ध्या दिवसाची नोकरी धरली.

तिथला तक्रार विभाग म्हणजे मी, एक टेलिफोन आणि एक कम्प्युटर. बोअरमध्ये सोडायचे पंप हा कारखाना बनवायचा. शेतकऱ्याचा फोन यायचा, "मोटर जल गई, बाईसा," आणि मी त्याचं नाव, गाव, जिल्हा, पंपाचा नंबर, काय बिघडलं असं सगळं एका लांबलचक तक्त्यात टाकायचे. मग त्यावरून मेकॅनिकला पाठवायचं. माझ्या आधी त्या खुर्चीत बरेच जण बसून गेले होते आणि प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा निराळी. एकाच माणसाचं नाव कुठे वडिलांच्या नावासकट, कुठे नुसतं, कुठे इंग्रजी स्पेलिंग बदलून. ज्याने चार वेळा तक्रार केली त्याचा पत्ता चार वेळा लिहिलेला, आणि चारही पत्ते थोडे थोडे वेगळे.

एका मे महिन्यात रामपुऱ्याहून फोन आला. राजस्थानात रामपुरा नावाची गावं पावलोपावली आहेत, हे मला तोवर कळलेलं नव्हतं. मी तक्त्यात त्या शेतकऱ्याचं नाव शोधलं, सापडलं, आणि मेकॅनिक जीप घेऊन निघाला. पण कधीतरी कुणीतरी ओळी इकडच्या तिकडे करताना एका जिल्ह्याचं नाव भलत्याच ओळीत सरकलं होतं. जीप दुसऱ्याच टोकाच्या रामपुऱ्याला जाऊन पोचली.

दोन दिवसांनी तो शेतकरी स्वतःच कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. साठीचा माणूस, डोक्यावर केशरी पगडी, ओठ वाळलेले. मी बाहेर गेले, त्याला सावलीत बसवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्याने हात जोडले.

"मेरी भैंसें दूसरों के कुएँ पर खड़ी हैं, बाईसा. मोटर चल जाए, फिर पीऊँगा."

तो ओरडला असता तर मला सोसलं असतं. तो ओरडला नाही. जीप तयार झाली तसा मेकॅनिकच्या शेजारी बसून निघून गेला, आणि मी भरलेला पेला हातात घेऊन फाटकाशी उभी राहिले.

मालकांना आम्ही सगळे सेठजी म्हणायचो. त्यांनी एका सॉफ्टवेअर विकणाऱ्याला बोलावलं. त्याच्याकडे हिशेबाचं तयार पॅकेज होतं. तक्रारीला त्यात जागाच नव्हती. "शिकायत आप रिमार्क में डाल दीजिए," तो म्हणाला. सेठजींचा पुतण्या इंजिनिअरिंग शिकत होता, सुट्टीला आला होता. त्याने माझा तक्ता वरून खाली पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, यह काम गलत जगह हो रहा है. इसके लिए रिलेशनल डेटाबेस चाहिए." आणि सुट्टी संपवून तो बंगळूरला निघून गेला.

मी तो शब्द मनात धरून ठेवला. मी सेठजींना म्हटलं, मी शिकते. ते हसले, पण म्हणाले, "सीख लीजिए मॅडमजी. किसी को तो सीखना ही है."

शिकायचं म्हणजे कुठून, हा पहिला प्रश्न. मालवीय नगरात तेव्हा कम्प्युटर क्लासेसचा सुकाळ होता. एकेका इमारतीवर पाच पाच पाट्या. त्यातल्या एका क्लासला मी नाव घातलं. बाकीची मुलं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसणारी. सर व्याख्या फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवायच्या. तास झाल्यावर मी त्यांना माझ्या दोन रामपुऱ्यांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, अशा वेळी काय करायचं असतं. ते चांगले होते, टाळायचं म्हणून टाळलं नाही त्यांनी. थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, यह सिलेबस में नहीं आता."

मग पुस्तकं. 'चौडा रास्ता' नावाच्या बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांतून मी एक जाडजूड पुस्तक आणलं, ज्याच्या कव्हरवर थोडक्या दिवसांत तज्ज्ञ करण्याचं वचन होतं. त्यात दर पानावर चित्रं होती: हे बटण दाबा, आता ही खिडकी उघडेल. ती खिडकी माझ्या कम्प्युटरवर कधी उघडलीच नाही, कारण माझ्याकडची आवृत्ती वेगळी. दुसरं पुस्तक आणलं, ते इतकं विद्वान होतं की पहिल्याच प्रकरणात ग्रीक अक्षरं. सोडाल्याच्या सायबर कॅफेत बसून वेबसाइट पाहिल्या, पानं छापून घरी आणली. त्या सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलं होतं की काय कोण जाणे. प्रत्येकीत तोच कर्मचारी, तोच त्याचा विभाग, तोच पगार. उदाहरण वाचताना सगळं कळायचं. पान मिटून स्वतःचा कागद पुढे ओढला की काही सुचायचं नाही.

याच सुमारास मामंजी आमच्याकडे राहायला आले.

माझे सासरे. कऱ्हाडजवळच्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर मराठी आणि व्याकरण शिकवलं होतं. सासूबाई जाऊन सहा-सात महिने झाले होते. गावी एकटे कसे राहणार, म्हणून नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. त्यांचं आणि माझं बोलणं लग्नापासून मोजकंच. चहा झाला का, औषध घेतलं का, एवढंच. जयपूरला त्यांचे दिवस जाता जात नसत. भाजीवाल्याशी ते पुस्तकी हिंदीत बोलायचे, तो समजायचा नाही. नात शाळेतून आली की "आजोबा, मतलब, मी नंतर येते ना," म्हणून खाली खेळायला पळायची, आणि मामंजी 'मतलब' या शब्दाकडे बघत बसायचे.

मी दुपारी कारखान्यातून आले की जेवण आवरून पुस्तकं काढायची. एके दिवशी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"ही सगळी एकाच विषयाची?"

"हो, मामंजी. पण एकही धड लागत नाही."

त्यांनी खुर्ची ओढली, एकेक पुस्तक हातात घेतलं आणि प्रत्येक शेवटाकडून उघडलं. मला वाटलं, चुकून उलटं धरलंय. पण ते प्रकरणांचे शेवट बघत होते.

"यात स्वाध्याय नाहीत," ते पहिल्या पुस्तकाबद्दल म्हणाले. दुसऱ्याची पानं चाळली. "यात आहेत, पण सगळे 'व्याख्या द्या', 'टिपा लिहा'. ज्या माणसाने मुलांना शिकवलेलं असतं ना, त्याला मुलं कुठे अडतात ते माहीत असतं. तो तिथे प्रश्न घालतो. पुस्तक घेताना आधी स्वाध्याय बघावेत. मजकूर काय, कोणीही लिहितं."

"पण यातलं तुम्हाला..." मी वाक्य अर्धंच सोडलं.

"मला ओ की ठो कळत नाही. पण प्रश्न चांगला आहे की नाही हे कळतं."

त्या रविवारी आम्ही दोघं मिनी बसने चौड्या रस्त्याला गेलो. घरातून दोघांनीच कुठे बाहेर पडायची ती पहिली वेळ. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मामंजी उभे राहून स्वाध्याय वाचत होते आणि दुकानदार अस्वस्थ होत होता. "बाबूजी, कौन-सी क्लास के लिए चाहिए?" त्याने विचारलं. मामंजींनी माझ्याकडे बोट केलं, "इनकी क्लास के लिए." शेवटी त्यांनी कव्हर फाटलेलं, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं एक जुनं पुस्तक निवडलं. कुठला प्राध्यापक होता कोण जाणे, त्याचं नावच फाटलेल्या पानाबरोबर गेलं होतं. पण त्याच्या प्रश्नांत एक निराळाच सूर होता. 'हा तक्ता पाहा. यात काय बिघडू शकेल?' 'एका विद्यार्थ्याने पत्ता बदलला. किती ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल? का?' मी तो प्रश्न दुकानात उभ्या उभ्या वाचला आणि मला माझे चार वेळा लिहिलेले पत्ते आठवले.

त्या दिवसापासून दुपारी साडेतीन-चारला आमची शाळा भरायला लागली. इंग्रजी ते सावकाश वाचायचे, अडलं तर शब्दकोश बघायचे. मी मराठीत अर्थ सांगायचा, आणि तो त्यांना पटेपर्यंत पुढे जायचं नाही. आधी मला वाटलं, यात वेळ जातोय. पण समजावून सांगताना माझीच दांडी उडायची. "ही प्रायमरी की म्हणजे नेमकं काय?" ते विचारायचे. मी म्हणायचे, ज्यावरून ओळ ओळखायची ती खूण. "मग नाव का नाही चालत?" एका नावाची दोन माणसं असतात म्हणून. "मग नाव आणि गाव मिळून?" आणि तिथे माझ्यापुढे ते दोन रामपुरे उभे राहायचे.

कम्प्युटर घरी नव्हता. म्हणून मामंजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पट्ट्या कापल्या. एक पट्टी म्हणजे तक्त्यातली एक ओळ. फरशीवर एका बाजूला विद्यार्थ्यांच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला इयत्तांच्या, मध्ये शिक्षकांच्या. त्यांची जुनी शाळाच आम्ही फरशीवर मांडली. कूलर लावला की सगळी शाळा उडून पलंगाखाली जायची, आणि न लावावा तर घामाने पट्ट्या हाताला चिकटायच्या. मग पट्ट्यांवर स्टीलच्या वाट्या ठेवायला लागलो. लेक खेळून घरी आली, तो देखावा बघून म्हणाली, "आजोबा, ये क्या दुकान लगाया है?" मामंजींनी तिला मराठीत पुन्हा विचारायला लावलं आणि मगच उत्तर दिलं.

माहिती तुटेपर्यंत तोडायची आणि प्रत्येक गोष्ट एकदाच, एकाच जागी लिहायची, हे पुस्तकात चार-पाच अवघड नावांनी सांगितलेलं होतं. ते आम्हाला त्या पट्ट्यांवर कळलं. वर्गशिक्षकांचं नाव प्रत्येक विद्यार्थ्याच्या पट्टीवर लिहिलं की सर बदलल्यावर सगळ्या पट्ट्या खोडायला लागतात. मामंजी दरवेळी एकच विचारायचे, "हे कशावर अवलंबून आहे? मुलावर की इयत्तेवर?" पुढे मला कळलं की त्या जाड विद्वान पुस्तकातली ग्रीक अक्षरंही हेच विचारत होती.

एक दुपार मला विशेष आठवते. रिकाम्या जागेचं प्रकरण चालू होतं. माहिती नसली तर तिथे शून्य लिहायचं नाही, कोरंही सोडायचं नाही. तिथे एक वेगळीच खूण असते, तिला 'नल' म्हणतात, असं पुस्तकाचं म्हणणं. मामंजींना ते पटेना. "नाही म्हणजे नाही. त्यात प्रकार कसले?" सरावाला म्हणून मी आमच्याच घरच्यांच्या पट्ट्या केल्या होत्या: नाव, नातं, जन्मतारीख. लेकीची लिहिली, नवऱ्याची लिहिली, माझी, मामंजींची. सासूबाईंची पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "आईंची जन्मतारीख काय?"

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"तिलाच माहीत नव्हती. अक्षय्य तृतीयेच्या आसपासची, असं तिची आई म्हणायची. साल कुणी सांगितलं नाही. मतदार यादीत मी अंदाजाने घातलं होतं." मग त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. "तारीख होती. असणारच की. आपल्याला माहीत नाही, एवढंच."

"तेच नल, मामंजी," मी हळूच म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्या दुपारी पुढचा स्वाध्याय झाला नाही. ते सासूबाईंबद्दल बोलत राहिले: लग्न झालं तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती, आणि गावभरच्या मुलांना शिकवणाऱ्या या माणसाने तिला मात्र तिनेच हट्ट धरल्यावर शिकवलं, ती वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. मी चहा टाकला, तो निवला, पुन्हा टाकला.

कारखान्यातल्या कम्प्युटरवर मी एका मासिकाच्या सीडीवर आलेलं फुकटचं डेटाबेस सॉफ्टवेअर घातलं होतं. पावसाळा संपता संपता मला वाटायला लागलं, आता जमेल. सेठजींना म्हटलं, उद्या दाखवते. शेतकऱ्यांचा एक तक्ता, तक्रारींचा दुसरा, आणि दोन्ही जोडून कुणाची कुठली तक्रार ते पडद्यावर येणार. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर मी आज्ञा दिली. ओळी यायला लागल्या. येतच राहिल्या. प्रत्येक शेतकऱ्यापुढे प्रत्येक तक्रार. ज्याचा पंप कधी बिघडलाच नाही त्याच्यापुढेसुद्धा साऱ्या राजस्थानच्या जळालेल्या मोटरी. मशीन अडकून पडलं. सेठजी चष्मा कपाळावर सरकवून बघत होते. "बहुत बीमार हैं अपने पंप," म्हणाले आणि निघून गेले. हिशेबनीस तोंडावर हात ठेवून हसला.

घरी आले तर मामंजींनी पट्ट्या मांडून ठेवलेल्या. "कालचा सातवा प्रश्न राहिलाय."

"मामंजी, मला परीक्षा नाही द्यायची," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मला उद्या तिथे उत्तर हवंय. हे शाळा-शाळा खेळून काय होणार?"

त्यांनी पट्ट्या गोळा केल्या, वाट्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या आणि बाल्कनीत जाऊन बसले.

मी तशीच उठून सायबर कॅफेत गेले. अशा प्रश्नांची देवाणघेवाण करणारी एक वेबसाइट मला माहीत झाली होती. कधी काही लिहिलं मात्र नव्हतं. मोडक्या इंग्रजीत माझी सगळी हकिगत लिहून टाकली: कारखाना, पंप, शेतकरी, जळालेल्या मोटरींचा पूर. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाचं उत्तर आलेलं. त्याने पहिल्या ओळीत सांगितलं होतं की दोन तक्ते कशावरून जोडायचे ते मी आज्ञेत लिहिलंच नव्हतं, म्हणून सगळ्याला सगळं चिकटलं. तेवढ्याने माझं काम झालं असतं. पण त्याने पुढे विचारलं होतं: 'तुमच्या तक्रारींच्या तक्त्यातली एक ओळ नेमकं काय सांगते, ते एका साध्या वाक्यात लिहून दाखवाल का? ते लिहिता आलं नाही, तर तक्ता अजून तयार नाही.'

मी तो कागद छापून घरी आणला आणि मामंजींच्या पुढे ठेवला. अर्थ सांगितला.

"हा माणूस मास्तर आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "काल तू म्हणालीस ते खरं आहे. माझी शाळा बंद झाली. तुझं काम चालू आहे. मला एकदा तुझं काम दाखव. मी ते पाहिलेलंच नाही."

शनिवारी मी त्यांना कारखान्यात घेऊन गेले. सेठजींनी उठून नमस्कार केला, "मास्टरजी" म्हणून खुर्ची दिली. मामंजींनी मोटरीच्या तारा गुंडाळणाऱ्या बायका पाहिल्या, पाण्याच्या हौदात पंपाची चाचणी पाहिली, आणि मग माझ्या टेबलाशेजारी शांत बसून फोन ऐकत राहिले. दुपारपर्यंत मला त्यांच्याकडे बघायलाही सवड झाली नाही.

एक फोन आला. पंपाचा नंबर तक्त्यात सापडत होता, पण नाव जुळत नव्हतं, गावही नाही. मी तीन-तीनदा विचारलं. शेवटी तो माणूस वैतागून म्हणाला, "पंप मेरे साले का था. उसका बोर सूख गया तो मैं ले आया."

मी फोन ठेवला. मामंजींना मराठीत सांगितलं, की पंप मेव्हण्याचा होता, त्याच्याकडून याच्याकडे आला.

"असं नेहमी होतं?"

"होत असणार. आम्ही नुसतं जुनं नाव खोडून नवं घालतो."

"म्हणजे पंप एकच, घरं दोन," ते म्हणाले. "लेक सासरी जाते तसा."

आणि मला एकदम त्या अनोळखी माणसाचा प्रश्न उलगडला. इतके दिवस मी तक्रार शेतकऱ्याला जोडत होते. तक्रार पंपाची होती. पंप कुणाकडे, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या गावी, हा वेगळाच तक्ता हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हताच. फोन करणारा तर तिसराच कुणी असू शकत होता. मी जवळचा कागद ओढला आणि वाक्य लिहिलं: 'या नंबरचा पंप या दिवशी या कारणाने बिघडला.' वाचून दाखवलं. मामंजींनी डोळे मिटून ऐकलं, जसे वर्गात कुणी वाक्य वाचल्यावर ऐकत असतील.

"आता कर्ता बरोबर आला," ते म्हणाले.

ते काम उभं राहायला सबंध हिवाळा गेला. जुनी माहिती साफ करणं हेच खरं डोंगराएवढं होतं. गावांचा एक वेगळा तक्ता केला, जिल्हा-तहसील लावून, आणि प्रत्येक रामपुऱ्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. जिथे शंका तिथे फोन करून विचारायचं; मेकॅनिक लोकांनी त्यात फार मदत केली, कारण भलत्या गावी उन्हात जाण्याचा त्रास त्यांचा होता. दुपारची शाळा पुन्हा सुरू झाली होती, आता मात्र फरशीवर पंपांच्या पट्ट्या असायच्या आणि सातवा-आठवा प्रश्न मीच कारखान्यातून घेऊन यायचे.

पुढचा उन्हाळा आला. फोन वाजला की मी आधी पंपाचा नंबर विचारायचे, आणि पंपाची सगळी कहाणी समोर यायची. सगळं सुरळीत झालं असं नाही. शेतकऱ्याला नंबर माहीत नसायचा, पंप तर जमिनीच्या पोटात. मग पावतीवरून शोधाशोध. हिशेबनिसाने शेवटपर्यंत त्याचा जुना तक्ता सोडला नाही. पण जीप भलत्या गावी जायची थांबली. कुठल्या वर्षीच्या मोटरी जास्त जळतात तेही दिसायला लागलं, आणि सेठजींनी तारेचा पुरवठादार बदलला. त्यांनी माझ्या टेबलाला नवा पंखा बसवून दिला.

त्याच्या पुढच्या वर्षी पुण्याची बदली आली. जायच्या आधी माझी जागा घेणारी मुलगी नेमली गेली; बी.कॉम., हुशार. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "दीदी, कोई अच्छी किताब बता दो." मी तिला पुस्तक सांगितलं नाही. तिला सकाळभर फोन ऐकायला बसवलं, आणि दुपारी विचारलं, एका तक्रारीत काय काय असतं ते तुझ्या शब्दांत सांग. ती जराशी नाराज झाली असावी. पण आठवड्याने ती स्वतःच प्रश्न घेऊन आली, आणि मग मी तिला सायबर कॅफेत नेऊन ती वेबसाइट दाखवली.

मामंजी पुण्याला आले नाहीत. कऱ्हाडला जातो म्हणाले, आपल्या घरात. आता मला तिथे राहवेल, असंही म्हणाले. आम्ही आग्रह केला नाही.

पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेले. समोर दोघं बसले होते. माझ्या अर्जात डेटाबेसचं ज्ञान असं लिहिलेलं होतं, आणि सर्टिफिकेट एकही नव्हतं.

"कुठे शिकलात?" एकाने विचारलं.

"जयपूरला. घरी."

"कोणाकडे?"

"सासऱ्यांच्या बरोबर."

"ते या क्षेत्रातले का?"

"नाही. मराठीचे शिक्षक."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. वाईट नव्हे, मोकळं हसले. मग एकाने कागद पुढे सरकवला आणि एक प्रश्न घातला. मी तो सोडवला, पूर्ण नाही, पण कुठे अडलं आणि काय विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही ते सांगितलं. त्यांनी सोमवारपासून यायला सांगितलं.

संध्याकाळी कऱ्हाडला फोन लावला. नोकरीचं सांगितलं, मुलाखतीतलं सगळं सांगितलं. मामंजी एकदम चिडले.

"माझं कशाला सांगितलंस? मला त्यातलं काय येतं? उद्या मला काही विचारतील."

"नाही विचारणार, मामंजी."

"बरं." मग त्यांनीच विचारलं, "प्रश्न काय घातला होता?"

"दवाखान्याचा होता. रुग्ण, डॉक्टर, खाटा..."

"असं अर्धवट नको. थांब, कागद घेतो." रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज, खण उघडल्याचा आवाज, चष्म्याची डबी. "हां. आता सबंध सांग. सावकाश."